बिननावाच्या दुकानाची जाहिरात

२४ फेब्रुवारी

आजपासून लिहायचं ठरवलंय. कुणाशी तरी बोलल्याशिवाय मला राहवत नाही आणि जे बोलायचंय ते माइकसमोर बोलता येत नाही. कार्यक्रमांच्या जुन्या वहीची मागची पानं कोरीच आहेत, ती वाया कशाला घालवायची.

तर बातमी अशी. चेत-बुलाक रेडिओ, म्हणजे दोन खोल्या, एक मनोरा, कुबात बाइके आणि मी, एकवीस मार्चच्या नूरूझच्या सणानंतर असेल की नाही याचा भरवसा राहिलेला नाही. राजधानीतल्या एका मोठ्या केंद्राने आमची लहर, म्हणजे फ्रिक्वेन्सी, मागितलीय. ती दिली की इथून दिवसभर तिकडची गाणी वाजणार. कुबात बाइके वयाने थोरले म्हणून बाइके, पदाने संचालक आणि स्वभावाने रडके. डोक्याला हात लावून म्हणाले, "बाजारातल्या दुकानांनी वर्षभराच्या जाहिराती दिल्या तरच मी त्यांना नाही म्हणू शकतो. नाहीतर तू घरी, मी घरी."

"मी आणते जाहिराती."

"तू? अगं, तू निवेदिका आहेस."

"मग तिथेही निवेदनच करीन. दुकानात उभं राहून."

बोलून तर बसले! पण घरी येताना बर्फावरून अक्षरशः धावत आले. चार वर्षं रोज सकाळी आठ ते दहा मी या खोऱ्याशी बोलते. वाढदिवसांच्या शुभेच्छा, हरवलेली गुरं, घाट उघडा आहे की बंद. तेवढे दोन तास मला कुणी चहा ओतायला उठवत नाही. ते दोन तास मी सोडणार नाही, मग काय वाटेल ते होवो.

२६ फेब्रुवारी

सबंध बाजार पालथा घातला. हाती काही लागलं नाही, पण मजा फार आली.

तंदूरात भाजलेले सामसे, म्हणजे इथले समोसे, विकणारी दामिरा एजे, सगळ्या बाजाराची थोरली बहीण, म्हणाली, "माझी जाहिरात तंदूर करतो गं. धूर निघाला की गिऱ्हाईक हजर. तुझ्या रेडिओला वास येतो का?" न्हावी म्हणाला, तो रेडिओ लावतो, पण गिऱ्हाइकाने मान हलवू नये म्हणून. औषधवाल्याचं म्हणणं, आजारी माणूस जाहिरात ऐकून आजारी पडत नाही. मोबाइलवाल्या पोराने फोन माझ्या नाकासमोर धरला. "आमचा ग्रुप आहे ताई, तीनशे माणसं. तुमचं ऐकणारी किती?"

किती आहेत? मला काय ठाऊक! मी भिंतीकडे तोंड करून बोलते. भिंत कधी मोजून दाखवत नाही.

शेवटी सगळ्यांचं उत्तर एकच निघालं. "चूल-बाइकेंनी दिली तर आम्ही देऊ." चूल-बाइके म्हणजे लोखंडी चुली, नळकांडी, बादल्या, दोर, नाल विकणारे. त्यांनी ताडपत्री बदलली की सगळी रांग ताडपत्री बदलते. म्हणजे एक माणूस जिंकला की बाजार जिंकला. हे सोपं आहे की अवघड ते अजून ठरवता आलेलं नाही.

२७ फेब्रुवारी

बाजाराच्या दारावरच्या आमच्या लाकडी पेटीत शुभेच्छांच्या चिठ्ठ्यांबरोबर आज पुन्हा ती एक आलीय. जांभळ्या पेन्सिलीने, सुबक अक्षरात: "काल आपण भरभर बोललात. म्हाताऱ्या माणसांना हळू बोललेलं समजतं. घसा बसलेला वाटला, गरम दुधात लोणी घालून प्या. – एक ऐकणारा."

महिन्यातून दोनदा तरी येते. कुणीतरी रिटायर झालेला मास्तर असणार. निदान एक माणूस तरी ऐकतो म्हणायचा!

आणि हो, घरातल्या विजेरीचे सेल पुन्हा गायब आहेत. मागच्याच आठवड्यात नवे आणले होते. सासूबाई म्हणतात मीच कुठेतरी ठेवून विसरते.

१ मार्च

गेले चूल-बाइकेंकडे! ते नळकांडं ठोकत बसले होते, मान वर न करताच म्हणाले, "बोल."

मी बोलले. चांगली दहा मिनिटं. सुतारपक्ष्यासारखं त्यांचं ठोकणं चालूच.

"झालं? आता मी विचारतो. ऐकतं कोण?"

"सगळं खोरं ऐकतं."

"खोरं माझ्याकडे येऊन सांगेल का तसं?"

मग ते उठले आणि घोडा बांधायचा नवा कोरा दोर खुंटीला टांगला. म्हणाले, "चार तारखेपासून दहा दिवस वाच. 'रेडिओवर ऐकून आलो' असं जो स्वतःहून म्हणेल त्याची यात एक गाठ. मी कुणाला विचारणार नाही. गाठी खालच्या टोकाला टेकल्या तर वर्षभर जाहिरात. पण एक अट. तुमच्या त्या कुबातचा आवाज नको, माझी चूलसुद्धा विझेल. सकाळची ती पोरगी वाचेल."

"ती मीच."

त्यांनी पहिल्यांदा मान वर केली. "तू? रेडिओवर उंच वाटतेस."

मी एवढी हसले की बादल्यांचा ढीग पाडला. दहा दिवस! एक दोर! रस्त्यात दामिरा एजेने हात पुसून माझ्या तोंडात गरम सामसा कोंबला, आनंदाचा म्हणून. जाहिरात द्यायला मात्र अजूनही तयार नाही.

३ मार्च

चूल-बाइकेंनी मजकूर लिहून पाठवला. वाचला आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं.

चार ओळींचा मजकूर, त्यात त्यांचं खरं नाव तीनदा. चार वर्षांत बाजारातल्या कुणी ते माझ्यासमोर उच्चारलं नव्हतं, सगळे आपले चूल-बाइके, चूल-बाइके. आणि ते नाव नेमकं माझ्या सासऱ्यांचं!

लग्न होऊन आले त्या दिवशी सासूबाईंनी पांढरा रुमाल डोक्याला बांधताना कानात सांगितलं होतं, सासरच्या थोरल्यांचं नाव सुनेच्या तोंडी येता कामा नये. आजवर आलेलं नाही. मी त्यांना मामंजी म्हणते. कागदावर सही घ्यायची असली तरी नाव तेच लिहितात. शुभेच्छांच्या चिठ्ठीत ते नाव निघालं तर गुपचूप कुबात बाइकेंकडे सरकवते. या वहीतही लिहिलेलं नाही, आत्तासुद्धा लिहवत नाही. हात थांबतो.

कुबात बाइके वाचायला तयार आहेत. पण अट माझ्या आवाजाची. चूल-बाइकेंना जाऊन सांगावं म्हटलं तर ते म्हणतील, मग दोर काढून ठेवतो. रशियात बांधकामावर असलेल्या नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "वाच की बिनधास्त. ऐकतंय कोण?"

सगळ्यांना हेच कसं सुचतं?

४ मार्च

काय केलं मी!

आठ वाजून वीस मिनिटं. मजकूर समोर. "चेत-बुलाकच्या बाजारात नालांच्या रांगेत, पक्क्या लोखंडाच्या चुली, दुकानाचं नाव..." आणि पुढे काही येईना. ओठ हलले, आवाज नाही. काचेपलीकडे कुबात बाइके दोन्ही हात हलवतायत. रेडिओवर पाच क्षणांची शांतता म्हणजे मनोरा कोसळल्यासारखीच.

मग तोंडातून निघून गेलं, "दुकानाचं नाव... आमच्या घरच्या थोरल्यांचं जे नाव आहे तेच. मी सून आहे हो, मला घेता येत नाही. तुम्हीच शोधून काढा. चुली मात्र फार चांगल्या आहेत."

लगेच गाणं लावलं. कुबात बाइके आत आले, खाली बसले आणि रडायला लागले. रडतायत की हसतायत ते शेवटपर्यंत समजलं नाही.

५ मार्च

चूल-बाइके सकाळीच दारात. टोपीसुद्धा उलटी घातलेली.

"माझ्या दुकानाची जाहिरात आणि तिच्यात माझं नावच नाही! बापाने पाच मुलींनंतर ठेवलेलं नाव आहे ते!"

मी खाली मान घालून उभी. "बाइके, मला माफ करा."

"माफीचं काय करू? काल दिवसभर बायका बाजारात फिरत होत्या. लोकरवाल्याला विचारतात, तुमचं नाव तिच्या सासऱ्याचं का? कुलूपवाल्याला विचारतात, तुमचं का? म्हाताऱ्या केलदिबेकला तिघींनी गाठलं, त्याला वाटलं लग्नाचं विचारतायत."

"मग?"

"मग काय, शेवटी माझ्याकडेच आल्या." टोपी सरळ करत म्हणाले, "सहा गाठी."

सहा! पहिल्याच दिवशी! ते पुढेही रागावलेलेच होते, पण मला काही ऐकू येत नव्हतं. ते गेल्यावर मी कुबात बाइकेंच्या खुर्चीत गोल गोल फिरले.

८ मार्च

बायकांचा सण, शुभेच्छांनी पेटी फुटायची बाकी होती. आठ ते दहाचा कार्यक्रम दुपारी एकपर्यंत चालला. आया, आज्या, मास्तरणी, दूध काढणाऱ्या सगळ्यांची नावं घेतली. घसा गेला पण मन भरलं.

मधूनमधून बिननावाच्या दुकानाची जाहिरात. आता सगळं गाव खेळ खेळतंय. पोरं मला रस्त्यात अडवतात, "ताई, तुमच्या सासऱ्यांचं नाव अमुक का?" मी तोंडाला कुलूप लावते आणि ती पळतात. म्हाताऱ्या म्हणतात, बघा, रेडिओवर बसून मान राखते. मोबाइलवाला पोरगा म्हणतो, हिला धड नावही घेता येत नाही आणि निघाली बातम्या द्यायला. दोन्ही ऐकून घेते. दोघंही ऐकतायत ना!

सकाळी हरवलेल्या घोडीची सूचना दिली होती, वरच्या वाडीची लाल घोडी, कपाळावर चांदणी. दुपारी जेवताना मामंजी सूप पिता पिता म्हणाले, "ती घोडी पुढच्या उजव्या पायाने लंगडते. चढावर जाणार नाही, खालच्या कुरणात बघायला सांग." ते जन्मभर गुरांचे डॉक्टर, खोऱ्यातलं प्रत्येक जनावर त्यांना ओळखतं. पण ही घोडी हरवल्याचं त्यांना कुणी सांगितलं? सकाळपासून तर ते गोठ्यात होते. रेडिओ ते ऐकत नाहीत. परवाच शेजाऱ्यांना म्हणाले, "घरात दिवसभर बोलतेच, आणखी डब्यातून कशाला ऐकू?"

घोडी खालच्याच कुरणात सापडली.

११ मार्च

दोर अर्ध्याच्या खाली. दामिरा एजे रोज जाऊन बघून येते आणि मला खुणेने सांगते, हात कमरेपासून गुडघ्यापर्यंत नेत नेत.

जांभळी चिठ्ठी: "आपण नाव घेतलं नाही ते ऐकलं. बराच वेळ विचार करत बसलो. – एक ऐकणारा." एवढंच. चांगलं म्हणतोय की वाईट, काही कळेना. मास्तर लोकांचं असंच असतं.

१४ मार्च

गाठी टोकाला टेकल्या! टेकल्या काय, शेवटच्या दोन बांधायला दोर पुरेना. चूल-बाइकेंनी तो खुंटीवरून काढून माझ्या गळ्यातच घातला. सगळी रांग बघत होती. लोकरवाला ओरडला, "घोडीला बांधा नीट, पळून जाईल!" मी म्हणाले, "कागद आणलाय, सही करा आधी."

त्यांनी कागद घेतला, वाचला, आणि परत दिला.

"ऐकतात. मानलं," ते म्हणाले. "पण सगळे काय म्हणत येतात माहितीय? 'ते सुनेचं दुकान हेच का?' तीस वर्षं मी चुली ठोकतो. नाव माझं नाही झालं, तुझं झालं. वर्षभर माझ्या पैशाने तुझंच नाव वाजवू का? नूरूझच्या आधी एकदा तुझ्या तोंडून माझं नाव ऐकलं की सही. नाही ऐकलं तर नाही."

खरं सांगायचं तर त्यांचं काही चुकलं नाही. म्हणूनच जास्त राग आला.

१५ मार्च

घरी सांगून टाकलं. चहा ओतता ओतताच सांगितलं, नाहीतर धीर झाला नसता.

सासूबाईंनी चहाची वाटी खाली ठेवली. "तीस-पस्तीस वर्षं झाली मला या घरात. माझ्या सासऱ्यांचं नाव मी त्यांच्या मयतीलाही घेतलं नाही. आणि तू ते मनोऱ्यावर चढून घेणार?"

"आपा," मी त्यांना म्हटलं, "नाव त्या दुकानाचं आहे."

"कान कुणाचे आहेत? लोक काय म्हणतील, सुनेने पैशासाठी सासऱ्याला विकलं."

मामंजी रागावले असणार. वाटी रिकामी केली, पालथी घातली, टोपी घेतली आणि गोठ्याकडे निघून गेले. माझ्याकडे पाहिलंही नाही. एवढं वाईट मला चूल-बाइकेंनी कागद परत दिला तेव्हाही वाटलं नव्हतं. त्यांनी मला कधी एका शब्दाने दुखावलेलं नाही, आणि मी त्यांनाच कोड्यात घातलंय.

सासूबाई भांडी आवरत पुटपुटल्या, "सकाळ झाली की गोठा, दुपार झाली की गोठा. ती गाय एवढं काय खाते कुणास ठाऊक."

१८ मार्च

कुबात बाइकेंनी एक युक्ती काढली. माझा आवाज आधी ध्वनिमुद्रित करायचा, खोलीत एकटीने, कुणी समोर नसताना. बसले एकटी. सात वेळा प्रयत्न केला. नावापुढच्या "च्या"पासून पुढचं सगळं छान येतं. "चुली, बादल्या, दोर" सगळं छान. मधलं तेवढं येत नाही. एकटी असूनही येत नाही, म्हणजे लोकांची भीती नाहीच ही. मग कसली आहे?

राजधानीची माणसं बावीसला येणार. मनोरा बघायला.

२० मार्च

लिहिते. सगळं नीट लिहिते, नाहीतर उद्या मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी ठरवून गेले होते की घ्यायचंच. लग्नातला पांढरा रुमाल बांधून गेले, का ते माहीत नाही. गावभर सुमोलोकच्या, नूरूझच्या गव्हाच्या खिरीच्या, कढया चढवायची तयारी, दार उघडलं की गव्हाचा वास. चूल-बाइकेंनी दुकानाबाहेर रेडिओ टांगल्याचं दामिरा एजेने फोन करून सांगितलं. सगळी रांग जमलीय म्हणाली, तंदूरसुद्धा उशिरा पेटवणार.

आठ वीस. "चेत-बुलाकच्या बाजारात, नालांच्या रांगेत, पक्क्या लोखंडाच्या चुली. दुकानाचं नाव..."

पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी, ओठ बंद. एक क्षण, दोन, तीन. म्हटलं, संपलं. गेला आपला रेडिओ.

तेवढ्यात फोनचा दिवा लागला. कुबात बाइकेंनी घाबरून तो थेट चालू कार्यक्रमातच जोडला.

"हॅलो," आवाज घोगरा होता, आणि त्याच्या मागून माझाच श्वास घुमत परत येत होता. सवयीने म्हणाले, "कृपया तुमचा रेडिओ बंद करा, आवाज घुमतोय."

"बंद कसा करू? मग तुझं ऐकू कसं?"

मागे गाय हंबरली. आमची गाय. ती शेवटी जो हेल काढते तो मी झोपेतही ओळखीन.

"बेगायिम," मामंजी म्हणाले. चार वर्षांत त्यांनी मला नावाने हाक मारलेली नव्हती, 'पोरी' म्हणायचे. "मी गोठ्यातून बोलतोय. खोऱ्यातल्या मंडळींनो, ही माझी सून. चार वर्षांत हिने माझं नाव घेतलं नाही, एवढा मान मला कुणी दिला नाही. तो मला पोहोचला. आता तो माणूस तिकडे वाट बघतोय, त्याचाही मान आहे. घे पोरी नाव. मी स्वतः सांगतोय, सगळ्यांसमोर. घाई करू नकोस. नीट घे."

काचेपलीकडे कुबात बाइके रडत होते, या वेळी अगदी स्पष्ट.

मी घेतलं. तीनदा. पहिल्यांदा आवाज फाटला, दुसऱ्यांदा सरळ आला, तिसऱ्यांदा मला ते एवढं आवडलं की चौथ्यांदाही घ्यावंसं वाटलं.

बाजारात टोप्या उडाल्या म्हणे. चूल-बाइके खिळ्यांच्या खोक्यावर बसून राहिले आणि मग लेखणी मागितली. दहाच्या आत कागद माझ्या हातात, मागून लोकरवाल्याचा, कुलूपवाल्याचा, न्हाव्याचासुद्धा. दामिरा एजेचा कागद सामशात गुंडाळून आला, तुपाचा डाग पडलाय, पण सही आहे. कुबात बाइकेंनी राजधानीला फोन लावला आणि आयुष्यात पहिल्यांदा मोठ्या आवाजात "नाही" म्हणाले.

मी धावत घरी. सासूबाई अंगणात कढई घासत होत्या. त्यांनी माझा रुमाल सरळ केला. मग म्हणाल्या, "गोठ्यात जा. मला आज समजलं ती गाय काय खाते ते."

गेले. गव्हाणीवर फळीला टांगलेला जुना रेडिओ, मागे तारेने बांधलेले विजेरीचे सेल. फळीवर जांभळी पेन्सिल. मामंजी गाईच्या पाठीवरून ब्रश फिरवत होते, माझ्याकडे पाठ करून.

"चांगलं झालं," ते म्हणाले. "पण तिसऱ्यांदा जरा भरभर घेतलंस."

दुधाची बादली उचलली आणि धार काढायला बसले.

आता इथेही लिहून ठेवते, माझ्या हाताने, पहिल्यांदा. माझ्या सासऱ्यांचं नाव अशिरबेक. हळूच लिहिलंय, एकेक अक्षर.